दोन वाशी, एक काम

समजा, दोन सख्खे भाऊ आहेत. थोरला नवी मुंबईतल्या वाशीत एका किराणा दुकानात माल काढून देतो. धाकटा धाराशिव जिल्ह्यातल्या आपल्या वाशीत नेमकं तेच काम करतो. पोती तशीच, वजनकाटा तसाच, दुकान उघडायची आणि शटर ओढायची वेळही तीच. दिवाळीत दोघं घरी भेटतात तेव्हा धाकटा विचारतो, "दादा, तुझा माझ्यापेक्षा जास्त पगार शेठच्या मर्जीनं असता तर समजलं असतं. कायद्यातच जास्त लिहिलाय, हे कसं काय?"

खरोखरच तसं लिहिलेलं आहे. दुकानं आणि व्यापारी आस्थापनांसाठी महाराष्ट्र सरकारनं २४ जुलै २०१९ पासून जे किमान वेतन लागू केलं, त्यात अकुशल कामगाराचं मूळ वेतन महानगरपालिकेच्या हद्दीत महिना १०,०२१ रुपये आणि ग्रामीण भागात ८,८२८ रुपये ठरलं. राज्याचे असे तीन भाग पाडलेले असतात, त्यांना परिमंडळ म्हणतात. मोठी शहरं पहिल्या परिमंडळात, मधली गावं दुसऱ्यात आणि उरलेला मुलूख तिसऱ्यात. एक वाशी पहिल्यात पडते, दुसरी शेवटच्यात. फरक महिन्याला ११९३ रुपयांचा.

कारण सांगितलं जातं ते असं, की खेड्यात राहायला खर्च कमी लागतो. घरभाड्याच्या बाबतीत ते पटतं. नवी मुंबईत एका खोलीचं भाडं आणि आपल्याकडचं भाडं यांची बरोबरी होऊच शकत नाही. पण गोडेतेलाची पिशवी, मोबाइलचा रिचार्ज, तापाची गोळी, शाळेची वही हे सगळं दोन्हीकडं जवळपास एकाच भावानं मिळतं. शिवाय मोठं दुखणं निघालं तर आपल्या वाशीच्या माणसाला बार्शी किंवा सोलापूर गाठावं लागतं, तो प्रवासखर्च शहरातल्या माणसाला नसतो. म्हणून परिमंडळांमधला फरक भाड्यापुरता असावा, त्याहून जास्त नसावा, असं मला वाटतं. पण हे तपासायचं तर आधी किमान वेतनाचा आकडा येतो कुठून, ते पाहायला हवं.

पाडव्याची बैठक आणि सरकारची समिती

आपल्याकडं सालगड्याचं साल गुढीपाडव्याला ठरतं. मालक एका बाजूला, गडी दुसऱ्या बाजूला, आणि मध्ये दोघांच्या ओळखीचा एखादा जाणता माणूस. मालक आकडा सांगतो, गडी वाढवून मागतो, मधला माणूस दोघांना थोडंथोडं सरकवतो. पैसे किती, ज्वारी किती, उचल किती, कपडे द्यायचे की नाही, सगळं तिथंच ठरतं.

किमान वेतन कायदा १९४८ साली आला. त्यात दर ठरवायला जी समिती सांगितली होती, तिची घडण या बैठकीसारखीच होती. मालकांचे आणि कामगारांचे प्रतिनिधी सारख्या संख्येनं, आणि मध्ये स्वतंत्र माणसं, तीही एकूण संख्येच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त नाहीत. दुसरी वाट अशी, की सरकार आपला विचार राजपत्रात छापतं, किमान दोन महिने हरकती मागवतं आणि मग दर पक्के करतं. या दोन महिन्यांत कोणीही लेखी म्हणणं देऊ शकतो, अगदी वाशीच्या दुकानातला पोरगासुद्धा. मालकांच्या संघटना ही संधी सोडत नाहीत. कामगारांकडून, त्यातही खेड्यातून, फारच थोडी पत्रं जात असावीत, कारण असं पत्र देता येतं हेच बहुतेकांना माहीत नसतं.

दर पाच वर्षांच्या आत पुन्हा तपासायचे, असं कायद्यात आहे. पाडवा दरसाल येतो, सरकारची बैठक मात्र लांबते. वर सांगितलेले दुकानांचे दर २०१९ मध्ये बदलले, त्याआधी ते २०१० मध्ये बदलले होते.

हिशेब भाकरीपासून सुरू होतो

समितीपुढं आकडा कोणत्या मापानं यावा, हे १९५७ साली पंधराव्या भारतीय श्रम परिषदेनं ठरवलं. आजही हेच माप पायाला आहे.

पहिली पायरी अशी, की मजुरी एका माणसाची नव्हे, एका घराची धरायची. नवरा १, बायको ०.८ आणि दोन मुलं प्रत्येकी ०.६, अशी तीन माणसांची खाती. प्रत्येक खात्याला रोज २७०० कॅलरी, म्हणजे घराला ८१०० कॅलरी. नुसती ज्वारीच खायची म्हटलं तर हे रोज साधारण २.३ किलो धान्य होतं. पण माणूस नुसत्या भाकरीवर जगत नाही, म्हणून त्यात डाळ, भाजी, तेल, दूध धरून महिन्याचा खर्च काढायचा. दुसरी पायरी कापडाची: चौघांच्या घराला वर्षाला ७२ वार. तिसरी घरभाड्याची. चौथी पायरी जळण, दिवाबत्ती आणि किरकोळ खर्चाची, एकूण वेतनाच्या २० टक्के. सर्वोच्च न्यायालयानं १९९१ मध्ये रॅप्टाकोस ब्रेट कंपनीच्या कामगारांच्या खटल्यात पाचवी पायरी जोडली: मुलांचं शिक्षण, औषधपाणी, सणवार, लग्नकार्य, म्हातारपण यांसाठी आणखी २५ टक्के.

आकडे घालून पाहू. समजा महिन्याचं खाणं ९,००० रुपये, कापड १,००० आणि भाडं १,०००. झाले ११,०००. पुढच्या दोन पायऱ्या मिळून एकूण वेतनाच्या ४५ टक्के आहेत, म्हणजे हे ११,००० रुपये उरलेले ५५ टक्के झाले. तेव्हा पूर्ण वेतन २०,००० रुपये. महिन्याचे कामाचे २६ दिवस धरले तर रोज सुमारे ७७० रुपये. यातले सुरुवातीचे आकडे मी समजुतीसाठी घेतले आहेत. वाचकानं आपल्या घरचे आकडे घालून पाहावेत, रीत तीच राहील.

या हिशेबात दोन जागा मला खटकतात. एक, बाईचं खातं ०.८ चं. सकाळी सातला शेतात आणि रात्री दहाला चुलीपुढं असणाऱ्या बाईला कमी अन्न लागतं, हे कोणत्या अनुभवावरून ठरवलं? दुसरं, या घरात म्हातारे आईबाप नाहीत. वाशी तालुक्यात असं घर शोधायला जावं लागेल.

२०१९ च्या सुरुवातीला अनुप सत्पथी यांच्या समितीनं हे माप नव्यानं मांडलं. कॅलरी २४०० केल्या, पण प्रथिनं आणि स्निग्ध पदार्थ मोजले आणि घराची खाती ३ वरून ३.६ केली. आकडा आला रोज ३७५ रुपये, जुलै २०१८ च्या भावांनी. त्या वर्षी केंद्र सरकारनं देशभराचा तळाचा दर वाढवला तो १७६ रुपयांवरून १७८ रुपये, दोन रुपयांनी. समितीनं मोजलेल्या आकड्याच्या निम्म्यापेक्षाही कमी. मोजणी झाली म्हणून मजुरी वाढतेच असं नाही, ही गोष्ट या दोन आकड्यांत लख्ख दिसते.

पाणी खाली गेलं की दोर वाढवायचा

विहिरीचं पाणी उन्हाळ्यात खाली जातं. दोर तेवढाच ठेवला तर पोहरा पाण्याला टेकत नाही. महागाईचं तसंच आहे: मजुरीचा आकडा तोच राहतो आणि धान्य त्याच्या आवाक्यातून खाली निघून जातं. म्हणून मूळ वेतनाला विशेष भत्त्याचा तुकडा जोडतात. सरकार ठरावीक वस्तूंचे भाव दर महिन्याला गोळा करून एक निर्देशांक काढतं. तो जितके अंक वर जाईल तितका भत्ता. महाराष्ट्रात हा तुकडा १ जानेवारी आणि १ जुलै असा वर्षातून दोनदा बदलतो.

ज्याला फक्त मूळ वेतन मिळतं, त्याच्या हातात अपुरा दोर आहे. दुकानदार "कायद्याप्रमाणे देतो" म्हणून २०१९ चा आकडा दाखवत असेल, तर विशेष भत्ता कुठं आहे, हे विचारायचा कामगाराला पूर्ण हक्क आहे.

पोराचा रोज

आता धाकट्या भावाकडं परत येऊ. तो सतरा वर्षांचा आहे. दुकानातल्या कामाशिवाय सोयाबीनच्या काढणीला तो मामाच्या बरोबरीनं पात धरतो आणि बहुतेकदा त्याच्या पुढं जातो. तरी संध्याकाळी पैसे देताना मालक म्हणतो, "अजून लेकरूच आहे ते." आणि त्याचा रोज मोठ्या गड्यापेक्षा कमी.

१९४८ च्या कायद्यानं या सवयीला जागा ठेवली होती. प्रौढ, किशोर, मूल आणि शिकाऊ उमेदवार यांचे दर वेगवेगळे ठरवता येतील, असं त्यात होतं. पुढं बालमजुरीचा कायदा कडक होत गेला. २०१६ च्या दुरुस्तीनंतर चौदा वर्षांखालच्या मुलाला कामाला ठेवताच येत नाही. घरच्या कामात शाळा सांभाळून मदत आणि मुलांची कलाकारी एवढाच अपवाद. चौदा ते अठरा या वयात धोक्याच्या कामावर बंदी आहे, आणि त्यात स्फोटक पदार्थ येतात. फटाक्यांसाठी ओळखलं जाणारं तेरखेडा आपल्याच तालुक्यात आहे. तिथल्या दारूकामाला अठरा वर्षांखालचा पोरगा लावणं हा सरळ गुन्हा आहे. त्याला पैसे किती दिले, हा प्रश्नच तिथं उठत नाही. दुकानासारख्या साध्या कामात किशोराला ठेवता येतं, पण विश्रांती धरून दिवसाला सहा तासच, संध्याकाळी सात ते सकाळी आठ या वेळेत अजिबात नाही, आणि जादा कामही नाही.

पोराला कमी पैसे द्यावेत, याच्या बाजूनं दोन कारणं सांगतात. पहिलं, त्याच्यावर घर नाही. दुसरं, तो अजून शिकतोय.

पहिल्या कारणाला वजन आहे असं वाटू शकतं, कारण किमान वेतनाचा हिशेबच घरावरून निघतो. पण घराचं माप हे कामाचा तळाचा दर काढण्यासाठी आहे, प्रत्येकाच्या दारात जाऊन माणसं मोजण्यासाठी नाही. तसं असतं तर पाच मुलांच्या बापाला जास्त आणि बिनलग्नाच्या माणसाला कमी पैसे द्यावे लागले असते, आणि मालकानं घर नसलेलीच माणसं कामाला लावली असती. "तिचा नवरा कमावतोच की" असं म्हणून बायांचा रोज वर्षानुवर्षं कमी ठेवला गेला. समान कामाला समान मोबदला देणारा कायदा १९७६ मध्ये आला, तरी कितीतरी बांधांवर बाईचा आणि गड्याचा रोज अजून वेगळाच बोलला जातो. पोराच्या बाबतीत तेच कारण नवीन नावानं पुढं येतं. आणि खरं तर आपल्याकडच्या सतरा-अठरा वर्षांच्या पोरावर घर असतंच. बहिणीचं लग्न, बापाचं कर्ज, स्वतःच्या कॉलेजची फी यांतलं काहीतरी त्याच्या खांद्यावर आलेलं असतं.

दुसरं कारण जास्त प्रामाणिक आहे. शिकणाऱ्याकडून चुका होतात, शिकवणाऱ्याचा वेळ जातो. म्हणून शिकाऊ उमेदवाराला विद्यावेतन असतं. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली २०१९ मध्ये ते शिक्षणानुसार महिना ५,००० ते ९,००० रुपये किमान ठरलं. राज्याच्या २०२४ मधल्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत बारावी झालेल्याला ६,०००, आयटीआय किंवा पदविका झालेल्याला ८,००० आणि पदवीधराला १०,००० रुपये मिळू लागले, सुरुवातीला सहा महिन्यांसाठी. अशा कमी आकड्याला मी अन्यायाचा म्हणणार नाही, पण तीन गोष्टी तपासायला हव्यात: शिकवणारा माणूस कोण आहे, तो काय शिकवतो, आणि हे शिकणं संपणार कधी. कचेरीत वर्षभर झेरॉक्स काढून फायली पोचवणारा पोरगा शिकत नाही. तो काम करतो, आणि कामाचा दर त्याला मिळाला पाहिजे.

ब्रिटनमध्ये वयाप्रमाणे दर उघडपणे लिहिलेले आहेत. एप्रिल २०२५ मध्ये ते २१ आणि त्यावरच्या वयाला तासाला १२.२१ पौंड, १८ ते २० वर्षांच्यांना १० पौंड, त्याखाली ७.५५ पौंड असे होते. तिकडं भीती अशी, की दर सारखा केला तर मालक अनुभवी माणूस घेईल आणि पोरं बेकार राहतील. तरीही १८ ते २० आणि मोठे यांच्यातलं अंतर हळूहळू मिटवायचं, असं तिथल्या सरकारचं धोरण आहे. आपल्याकडं २०१९ ची वेतन संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. तिनं दर ठरवायला कौशल्य, भाग आणि कामातला धोका किंवा कष्ट हे निकष ठेवले, वय त्यात धरलेलं नाही. मला हे फार महत्त्वाचं वाटतं. धाकट्यानं पातीत मामाची बरोबरी केली असेल, तर रोजातही त्याची बरोबरी झाली पाहिजे.

दर वाढला की काम जातं का?

शेतकऱ्याचा प्रश्न खरा आहे. सोयाबीनचा भाव पडलेला असताना मजुरी वाढवून तो देणार कुठून? कायद्याचं उत्तर कठोर आहे: किमान दर द्यायची मालकाची ऐपत नाही ही सबब चालत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं १९६१ मध्येच सांगितलं. पण न्यायालयाच्या निकालानं बांधावरचं गणित सुटत नाही.

महाराष्ट्राकडं याचा स्वतःचा अनुभव आहे. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडत, पाझर तलाव बांधत मराठवाडा जगला. त्यातून वि. स. पागे यांच्या कल्पनेतली रोजगार हमी उभी राहिली आणि तिचा कायदा २६ जानेवारी १९७९ पासून अंमलात आला. या कामांचा दर शेतमजुरीच्या किमान वेतनाशी बांधलेला होता. १९८८ मध्ये किमान वेतन दुप्पट झालं आणि हमीची मजुरीही तितकीच वाढली. त्यानंतर हमीची कामं मात्र घटली. मागणी करणारी माणसं होती, पण मागेल त्याला काम देणं यंत्रणेकडून होईना.

यातून मजुरी वाढवू नये, असा अर्थ मी काढत नाही. १९८८ मध्ये दर एका रात्रीत दुप्पट करावा लागला, कारण आधीची कितीतरी वर्षं दोर वाढवलाच नव्हता. थोडीथोडी वाढ वेळच्या वेळी झाली असती तर धक्का बसला नसता. आणि दुसरं असं, की तालुक्यात किमान वेतनाची खरी राखण निरीक्षकापेक्षा हमीचं काम जास्त करत आलं. पलीकडच्या तलावावर सरकारी दरानं काम चालू असलं की बांधावरचा मालक आपसूक तेवढा रोज देतो. २०२५-२६ साठी महाराष्ट्रात हमीच्या कामाचा दर रोज ३१२ रुपये होता.

> चौकट : आपला रोज कसा तपासावा
>
> मूळ वेतन आणि विशेष भत्ता वेगवेगळे विचारा. महिन्याच्या आकड्याला २६ नं भागा, तो एका दिवसाचा दर.
>
> दिवसाच्या ठरलेल्या तासांवर काम झालं तर वरचे तास दुप्पट दरानं धरा.
>
> काम गुत्त्यानं किंवा नगावर असलं तरी दिवसाची कमाई किमान दराखाली जाता कामा नये.
>
> "कमी पैशांत काम करीन" असं लिहून दिलेलं असलं तरी तो कागद कायद्यापुढं टिकत नाही.
>
> कमी दिलेल्या पैशांचा दावा नव्या संहितेप्रमाणे तीन वर्षांच्या आत करता येतो.

टनाचा दर आणि तासांचा हिशेब

दिवाळी सरली की वाशी, भूम, परंडा, कळंब या भागातली कितीतरी घरं कुलूप लावून ऊसतोडीला जातात. तिथं रोज नसतो, टनाचा दर असतो. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. मुकादमाकडून आधीच उचल घेतलेली असते आणि हंगामभर ती फेडायची असते. आजारपणानं खाडा झाला तर त्याचे पैसे कापले जातात.

हा दर साखर कारखान्यांचा संघ आणि मजुरांच्या संघटना यांच्या करारानं ठरतो. जानेवारी २०२४ मध्ये शरद पवार आणि पंकजा मुंडे यांच्या मध्यस्थीनं ३४ टक्के वाढ ठरली आणि तोडणीचा दर टनाला सुमारे २७३ रुपयांवरून ३६६ रुपयांवर गेला, तीन हंगामांसाठी. वाढ मोठी होती, याबद्दल दुमत नाही. पण तिला आपल्या मापानं मोजून पाहू.

समजा एका कोयत्यानं दिवसात दोन टन ऊस तोडला, मोळ्या बांधल्या, वाहून गाडीत भरल्या. झाले ७३२ रुपये. दोघांत वाटले की प्रत्येकी ३६६. हमीच्या ३१२ पेक्षा हे जास्त दिसतं. पण फड गाठण्यासाठी पहाटे चारला उठायचं आणि रात्री गाडी भरून द्यायची. बारा तास तरी सहज जातात. आठ तासांचा दिवस धरला तर वरचे चार तास दुप्पट दरानं धरायचे, म्हणजे बारा तासांचं मोल सोळा तासांइतकं. ३६६ ला १६ नं भागलं की तासाला २२ रुपये ८७ पैसे, आणि आठ तासांच्या दिवसाला १८३ रुपये. ऊस पडलेला असला, फड चिखलाचा असला आणि दीड टनच तोड झाली, तर हाच आकडा १३७ रुपयांवर येतो.

नगावर किंवा टनावर मजुरी देण्यात गैर काही नाही. कायदा एवढंच म्हणतो, की त्यातून वेळेचा किमान दर सुटला पाहिजे. त्यासाठी दोन आकडे लागतात, किती टन आणि किती तास. टन काट्यावर मोजले जातात, पावतीवर येतात. तास कुठंच लिहिले जात नाहीत.

आणि पोराचे तर टनसुद्धा लिहिले जात नाहीत. सोळा वर्षांचा मुलगा आईबापांबरोबर फडात असतो. तो मोळ्या बांधतो, डोक्यावर घेऊन फळीवरून गाडीत चढतो, कधी कोयताही चालवतो. त्यानं तोडलेला ऊस बापाच्या कोयत्याच्या नावावर जातो. त्याचा दर कमी नाही की जास्त नाही, त्याला दरच नाही. कागदावर दोन माणसांनी दोन टन तोडलेले असतात, प्रत्यक्षात तीन माणसांनी. वरच्या हिशेबात ७३२ ला दोनाऐवजी तिघांत वाटून पाहावं, माणशी २४४ रुपये. मुलीच्या बाबतीत तर याहून वाईट घडतं. एकटा गडी म्हणजे अर्धा कोयता, उचलही अर्धी. म्हणून कोयता पुरा व्हावा यासाठी कोवळ्या वयात लग्नं लावली जातात.

तीन हंगामांचा तो करार २०२५-२६ च्या गाळपापर्यंतचाच होता. पुढच्या बैठकीत पहिली बोलणी टनाच्या दराची होतील आणि व्हायलाच हवीत. त्याच बैठकीत मुकादमाच्या वहीत दोन रकाने वाढवायचं ठरावं, असं मला फार मनापासून वाटतं: फडात उतरलेल्या प्रत्येक माणसाचं नाव आणि वय, आणि त्याची फडात यायची-जायची वेळ.